सुटका झाली, पुढे काम कोण देणार?

दरवर्षी गणेशोत्सवाच्या सुमारास नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहातील बंद्यांनी घडविलेल्या गणेशमूर्ती विक्रीस येतात आणि लोक त्या हौसेने घरी नेतात. तुरुंगाच्या सुतारशाळेत तयार झालेली टेबले-खुर्च्या सरकारी कचेऱ्यांतूनही मांडलेल्या दिसतात. या मालाबद्दल कोणाची तक्रार नसते. उलट तो टिकाऊ असतो अशी ख्याती आहे. परंतु ज्या हातांनी घडविलेली मूर्ती आपण देव्हाऱ्यात बसवितो, तेच हात शिक्षा भोगून, न्यायालयाचा सारा हिशेब चुकता करून आपल्या दाराशी काम मागावयास आले, की आपली भाषा पालटते. मालाला बाजार आहे, माणसाला नाही. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने ज्याचा विचार करावयास हवा असा हा पेच आहे, आणि तो केवळ पाठ्यपुस्तकाच्या आधाराने सुटणारा नाही, हे मला राजूर परिसरातील एका माणसाकडे पाहून कळले.

राजूरच्या पश्चिमेस, डोंगराच्या अंगाला वसलेल्या एका वाडीतील हा गृहस्थ. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. बांधावरून चुलतभावाशी भांडण झाले, हातात कोयता होता, आणि क्षणभराच्या संतापात जे घडू नये ते घडले. सदोष मनुष्यवधाच्या आरोपाखाली सात वर्षांची शिक्षा झाली. वागणूक चांगली म्हणून काही सूट मिळाली आणि तो घरी आला. येताना सुतारकाम शिकून आला होता. आमच्या भागात एका वसतिगृहाचे बांधकाम त्या वेळी चालू होते. दारे-खिडक्यांच्या कामावर ठेकेदाराने त्याला घेतले. तिसऱ्या आठवड्यात ठेकेदाराने त्याला बाजूस बोलावून हिशेब चुकता केला, वर दोन दिवसांची मजुरी जादा दिली आणि सांगितले, "बाबा, तू कामाला चांगला आहेस, पण उद्यापासून येऊ नकोस. मला वर जबाब द्यावा लागतो." हा ठेकेदार दुष्ट मनुष्य नव्हता. दोन दिवसांची जादा मजुरी हीच त्याच्या मनाला लागलेल्या टोचणीची किंमत होती. कोणीतरी 'वर' जाऊन कुजबुजले होते, आणि त्या 'वर'च्या माणसालाही आणखी कोणाला तरी जबाब द्यावयाचा होता. वाईट कोणीच नाही आणि तरीही माणूस कामावरून जातो, अशी ही व्यवस्था आहे.

पुढे त्याने आमच्या भागातील शेकडो कुटुंबे करतात तेच केले. भाताचे काम आटोपले, की अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यातून मजुरांचे तांडे घाट उतरून जुन्नर तालुक्यातील नारायणगावकडे जातात. तेथे मजूर उभे राहतात, बागाईतदार येतात, भाव ठरतो आणि गाडी भरून माणसे मळ्यात जातात. तेथे कोणी कोणाचे पूर्वचरित्र विचारीत नाही. विचारावयास वेळच नसतो. म्हणजे शिक्षा भोगून आलेल्या माणसाला आपल्या समाजात क्षमा मिळते ती एवढीच, की जेथे त्याला कोणी ओळखत नाही तेथे त्याने राबावे. आपल्या अंगचा हुन्नर सोडून टमाटे तोडणारा हा सुतार पाहिला म्हणजे कारागृहातील उद्योगशिक्षणावर होणारा खर्च कोणत्या खात्यात मांडावा, असा प्रश्न पडतो.

कायद्याकडे वळू. भारतीय दंडसंहितेत (आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्यायसंहितेत) बहुतेक शिक्षांना मुदत आहे. परंतु शिक्षेच्या शिक्क्याला मुदत नाही. नोकरीच्या अर्जात आणि पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीच्या नमुन्यात शिक्षा झाली होती काय, हा प्रश्न येतो. ती किती वर्षांपूर्वी झाली आणि त्यानंतर माणूस कसा वागला, याला त्या रकान्यात जागा नसते. खरे सांगावे तर अर्ज बाजूस पडतो. लपवावे तर लपविल्याबद्दल नोकरी जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतारसिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात या कोंडीचा विचार केला. क्षुल्लक गुन्ह्याची माहिती दडविली असली तर मालकाने ती तारतम्याने दृष्टीआड करावी, असे त्या निर्णयात आहे. परंतु उमेदवाराने सारे खरे सांगितले तरी त्याला नेमण्याची सक्ती मालकावर करता येणार नाही, असेही त्यात आहे. तारतम्य हा शब्द चांगला आहे. मात्र ते दाखविण्याचे धैर्य तालुक्याच्या पातळीवरील कारकुनाने वा मुख्याध्यापकाने कोठून आणावे? नकार दिल्याबद्दल आजवर कोणाला जाब विचारला गेलेला नाही. नेमणूक केल्याबद्दल मात्र विचारला जाऊ शकतो.

याच कायद्याची दुसरी बाजू पाहण्यासारखी आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या आठव्या कलमान्वये दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्या माणसाला सुटकेनंतर सहा वर्षेपर्यंत निवडणूक लढविता येत नाही. सहा वर्षे संपली, की तो विधानसभेत बसण्यास पात्र होतो. म्हणजे कायदे करावयास जो मनुष्य पात्र ठरतो, त्यालाच एखाद्या कचेरीत शिपाई म्हणून नेमावयाचे झाले तर मात्र किती वर्षे लोटली म्हणजे पुरे, हे कोणी सांगत नाही. आमदारकीच्या अपात्रतेला मुदत घालणाऱ्यांना शिपायाच्या अपात्रतेला मुदत घालावी असे सुचले नाही, याचे कारण कदाचित हे असेल की, शिपाईपदाचे उमेदवार सभागृहात बसलेले नसतात.

ब्रिटनने १९७४ मध्ये गुन्हेगारांच्या पुनर्वसनाचा एक कायदा केला. शिक्षेच्या प्रमाणात ठरलेली मुदत पुन्हा गुन्हा न करता पार पडली, की ती शिक्षा सरली असे समजावयाचे आणि सर्वसाधारण नोकरीसाठी ती सांगण्याचे बंधन राहावयाचे नाही, हे त्याचे सूत्र. फार मोठ्या शिक्षा त्यातून वगळल्या आहेत, आणि मुलांशी वा रुग्णांशी संबंध येणाऱ्या कामांना अपवाद केला आहे. आपल्याकडे या विचाराचे तुकडे आहेत, पण अखंड वस्त्र नाही. परिवीक्षा अधिनियम, १९५८ मध्ये, न्यायालयाने तुरुंगात न पाठविता समज देऊन वा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू नये, असे बारावे कलम आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये मुलांच्या बाबतीत अपात्रता पुसून टाकण्याची तरतूद आहे. परंतु जो प्रौढ मनुष्य खरोखरी तुरुंगात गेला आणि शिक्षा पुरी करून आला, त्याच्यासाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. न्यायमूर्ती मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय समितीने १९८० ते १९८३ या काळात तुरुंगसुधारणेचा प्रचंड अभ्यास केला आणि सुटकेनंतरच्या देखभालीकडेही लक्ष वेधले. त्या अहवालाला चाळीसहून अधिक वर्षे होऊन गेली.

आणि तुरुंगात असतात तरी कोण? देशातील दर चार बंद्यांपैकी सुमारे तिघे कच्चे कैदी असतात. त्यांचा दोष अद्याप सिद्धही झालेला नसतो. त्यांतील कित्येक पुढे निर्दोष सुटतात. परंतु गावाच्या लेखी 'आत जाऊन आलेला' ही एकच जात आहे. तीत पक्का आणि कच्चा असा भेद नाही.

हा शिक्का एका माणसावरच थांबत नाही, याचा अनुभव आपल्याइतका दुसऱ्या कोणत्या समाजाला असेल असे वाटत नाही. अमेरिकेत देवा पेजर या समाजशास्त्रज्ञ विदुषीने मिलवॉकी शहरात एक प्रयोग केला होता; तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. सारख्या योग्यतेचे तरुण नोकरीसाठी पाठवावयाचे आणि त्यांतील एकाने शिक्षा भोगल्याचे सांगावयाचे. निष्कलंक गोऱ्या उमेदवारांपैकी शेकडा ३४ जणांना पुढचे बोलावणे आले, शिक्षा सांगणाऱ्या गोऱ्यांपैकी १७ जणांना. निष्कलंक काळ्यांपैकी १४ आणि शिक्षा सांगणाऱ्या काळ्यांपैकी अवघ्या ५ जणांना. म्हणजे ज्याने काहीच केले नव्हते असा काळा तरुण, तुरुंगातून आलेल्या गोऱ्याच्याही मागे राहिला. आम्हांस यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरविले. सोलापूरच्या वसाहतीत काटेरी तारांच्या आड माणसे हजेरी देत राहिली. मुंबई राज्यात तो कायदा १९४९ मध्ये आणि देशभर १९५२ मध्ये रद्द झाला. तरी आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेकडील तालुक्यांत चोरी झाली, की पहिली गाडी आजही पारध्यांच्या पालांकडे वळते, ही गोष्ट त्या भागात राहणारा कोणीही सांगेल. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये आले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुस्तकाचे कौतुक झाले. पालाकडे वळणारी गाडी वळतच राहिली.

आमच्या डोंगराळ भागात गुन्ह्याच्या नोंदीकडे पाहण्याची आणखीही एक रीत आहे. देवगावच्या राघोजी भांगरे यांना इंग्रजांनी २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. सरकारी कागदात ते दरोडेखोर होते. येथल्या घराघरांत ते सावकारशाहीविरुद्ध उठलेले क्रांतिवीर आहेत. अर्थात बांधावरच्या भांडणात चुलतभावाचा जीव घेणाऱ्याची तुलना राघोजींशी करणे हा त्यांचा अपमान होईल, आणि तसे मला सुचवावयाचे नाही. पण सरकारी नोंद म्हणजे माणसाविषयीचा अखेरचा शब्द नव्हे, हे येथील लोकांना कोणी शिकवावयास नको.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी नोंदींतून महादेव कोळ्यांच्या जुन्या पंचायतीचे, 'गोतराणी'चे, वर्णन आढळते. तीत निरनिराळे अधिकारी असत. त्यांतला एक हडक्या. अपराध्याला वाळीत टाकावयाचे ठरले, की त्याच्या दारावर मेलेल्या जनावराचे हाड लावणे हे या हडक्याचे काम. प्रथा भीषण खरीच. त्या पंचायतींनी बायकांवर आणि गरिबांवर किती अन्याय केले असतील याचा हिशेब कोण देणार? महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो योग्यच केला. परंतु त्या जुन्या रीतीत एक गोष्ट होती, ती आजच्या रीतीत नाही. अपराध्याने प्रायश्चित्त घेतले, दंड भरला, गोताला जेवण घातले, की तो पुन्हा पंक्तीला बसत असे. बाहेर काढण्याचा जसा विधी होता, तसाच आत घेण्याचाही होता. दारावरचे हाड केव्हातरी उतरत असे. आधुनिक राज्याने बाहेर काढण्याचा विधी मोठा थाटाचा केला: न्यायालय, वकील, साक्षीदार, निकालपत्र, शिक्का. आत घेण्याच्या विधीची मात्र त्याला आठवण राहिली नाही. सुटकेच्या दिवशी माणसाच्या हाती त्याचे कपडे आणि साठलेली मजुरी येते आणि मागे फाटक लागते.

याच महाराष्ट्रात एकदा फाटकच काढून टाकण्याचा प्रयोग झाला होता. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या सूचनेवरून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बंद्यांची वसाहत १९३९ च्या सुमारास वसविली. खून करून आलेली माणसे तेथे भिंतीवाचून, आपल्या बायकामुलांसह राहू लागली आणि शेती करू लागली. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखे बारह हाथ' (१९५७) या चित्रपटाला याच वसाहतीची प्रेरणा होती. त्याचे लेखन करणारे ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले. संस्थान विलीन झाले तरी स्वतंत्रपूर टिकले. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीगोंदे तालुक्यातील विसापूर येथेही खुले कारागृह आहे. येथे विळा, कोयता, कुऱ्हाड बंद्याच्या हाती असते आणि पहारा नावापुरता. पळून जाणारे फारसे कोणी नाहीत. विश्वास टाकला तर माणूस त्याला जागतो, याची प्रचीती सरकारला इतकी वर्षे येत आहे. आता विसंगती पाहा. शिक्षा भोगत असताना ज्याच्या हाती सरकार निर्धास्तपणे कुऱ्हाड देते, त्याच्या हाती शिक्षा संपल्यावर रंधा द्यावयास गाव धजत नाही. चित्रपटातले सहा बंदी पुढे सुटले तेव्हा त्यांना काम कोणी दिले, हे चित्रपटाने सांगितले नाही. वाल्याच्या कथेतही ते नाही. वाल्मीकी झाल्यावर लोकांनी त्याला मानले. पण त्याने तपाऐवजी मजुरी करावयाची ठरविली असती, तर कोण्या पाटलाने त्याला खळ्यावर ठेवले असते काय, याविषयी कीर्तनकार मौन पाळतात.

माझ्या वर्गात हा विषय निघाला तेव्हा एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, ज्यांनी कधी कोणाच्या काडीला हात लावला नाही अशी आम्ही मुले पदव्या घेऊन बसलो आहोत. मग कामाची चिंता आधी त्यांची का?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला भावनेने उत्तर देऊन चालणार नाही. शिक्षा भोगलेल्यांसाठी राखीव जागा कोणी मागत नाही. मागणे एवढेच, की सुताराच्या कामासाठी सुतार पाहताना रंधा कसा चालतो ते पाहावे. आणि दुसरे असे, की काम न मिळालेला पदवीधर घरी बसतो, त्याला आईबापांचा आधार असतो. तुरुंगातून आलेल्याला काम मिळाले नाही तर त्याला ओळखणारे आणि बोलावणारे एकच क्षेत्र उरते. तो तेथे गेला, की आम्ही म्हणतो, पाहा, स्वभाव जात नाही. त्याला पुन्हा पकडणे, पुन्हा खटला चालविणे, पुन्हा पोसणे, हा सारा खर्च त्या पदवीधराच्या बापाच्या करातूनच होतो.

अपवाद असलेच पाहिजेत. मुलांवर अत्याचार करणाऱ्याला शाळेत किंवा आश्रमशाळेत कोणतेही काम असता कामा नये, कितीही वर्षे गेली तरी. अपहार केलेल्याला तिजोरीपासून दूर ठेवणे हा शहाणपणा आहे. सुटून आलेले सगळेच सुधारलेले असतात असेही मी म्हणत नाही. काही जण पुन्हा गुन्हा करतात. परंतु गुन्हा आणि काम यांचा परस्परसंबंध पाहून नकार देणे वेगळे, आणि माणूस पाहताच नकार देणे वेगळे.

सगळ्यांत अवघड प्रश्न आहे तो क्षमेचा, आणि येथे सुधारकांचे काहीसे चुकते असे माझे मत झाले आहे. समाजाने क्षमा करावी असे आपण सहज म्हणतो. पण ज्याचा भाऊ गेला त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार तुम्हांआम्हांस कोणी दिला? क्षमा ही ज्याची त्याने करावयाची गोष्ट आहे आणि ती न करण्याचाही त्याला हक्क आहे. काम देणे ही क्षमा नव्हे. ती त्याच्या कितीतरी अलीकडची, साधी, व्यवहाराची गोष्ट आहे. या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच काम अडते: मनातून माफ झाल्याशिवाय मजुरीवर कसे घ्यावे, असे लोकांना वाटते. रोजगार हमीचा महाराष्ट्राचा कायदा १९७९ मध्ये अमलात आला, तेव्हा त्याने ही गल्लत केली नाही. खडी फोडावयास आलेल्या माणसाचे त्याने वय पाहिले, राहण्याचे ठिकाण पाहिले, अंगमेहनतीची तयारी पाहिली. चारित्र्याचा दाखला मागितला नाही.

तोच हिशेबी दृष्टिकोन पुढे न्यावयास हवा. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ मध्ये 'जिव्हाळा' नावाची योजना येरवड्यापासून सुरू केली. शिक्षा भोगत असलेल्या बंद्याला ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज, शेकडा ७ व्याजाने, आणि फेड तुरुंगातील मजुरीतून. बंद्याच्या भावी श्रमावर एका बँकेने विश्वास ठेवला, ही सहकाराच्या इतिहासात नोंद करण्याजोगी घटना आहे. मग हाच बंदी सुटून आल्यावर त्याला रंधा, करवत आणि लाकूड घेण्यास आमच्या गावच्या सोसायटीने कर्ज का देऊ नये? टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगातून आलेल्यांना स्वयंसेवी संस्थांत उमेदवारीवर ठेवून पुन्हा कामाची सवय लावीत आला आहे. पण त्याचे क्षेत्र मुख्यतः शहरी आहे. महिला व बालविकास खात्याकडे परिवीक्षा अधिकारी आहेत, मुक्त बंद्यांना अर्थसाहाय्याची योजना आहे. अकोल्याच्या डोंगरातल्या वाडीवर ती ठाऊक असलेला माणूस मला भेटला नाही. आणि मुंबईच्या विधिमंडळाने ब्रिटनच्या धर्तीवर, निदान राज्य सरकारच्या, जिल्हा परिषदांच्या आणि सरकारी ठेकेदारांच्या कामापुरता, शिक्षेच्या शिक्क्याला मुदत घालणारा कायदा करावयास काय हरकत आहे? तसा कायदा असता तर आमच्या त्या ठेकेदाराला 'वर' देण्यासाठी एक जबाब मिळाला असता.

त्या सुताराची हकिगत पुरी सांगितली पाहिजे. आमच्याकडे भाताची आवणी पैशावर होत नाही, सावडीवर होते. पाऊस लागला आणि रोपे हाताशी आली, की थोड्या दिवसांत काम उरकावे लागते. एका घराचे ते काम नव्हे. आज तुम्ही माझ्या खाचरात, उद्या मी तुमच्या, दिवसाला दिवस. तो सुटून आला त्या पावसाळ्यात त्याच्या खाचरात कोणी उतरले नाही. नवराबायकोंनी मिळून जेवढे झाले तेवढे लावले, उरलेली रोपे जून होऊन वाया गेली. दुसऱ्या वर्षी शेजारच्या वाडीतली एक विधवा बाई आली. तिच्या घरी परतफेडीचे दिवस भरावयास गडी नव्हता, म्हणून तिच्या सावडीला कोणी राजी होत नसे. तिला हात हवे होते, त्याला हात हवे होते. क्षमेचा विचार तिने केला होता की नाही, मी विचारले नाही. तिच्या खाचरात त्याने चार दिवस काम केले आणि जाताना तिच्या घराचे मोडके दार नीट बसवून दिले. ते दार पाहून पुढच्या वर्षी आणखी दोन घरे आली. यंदाच्या आवणीला पाच घरे होती.

चुलत्याचे घर त्यांत नव्हते. त्यांचे खाचर बांधाच्या पलीकडेच आहे. आवणीच्या दिवशी दोन्हीकडे माणसे वाकलेली होती; इकडचे कोणी तिकडे पाहत नव्हते, आणि बांध जेथे होता तेथेच होता.